खालच्या ओळीतलं घर

मित्रांनो, मी एक लोखंडी झोपाळा आहे. घोडपदेवच्या एका छोट्या अंगणात उभा असतो. आता जुना झालो. माझा मूळचा पिवळा रंग फक्त नटबोल्टांच्या खाचांत उरला आहे. पण सरकारदरबारी मला कोणी झोपाळा म्हणत नाही. तिथे माझं नाव 'पाळणा' असं लागलं आहे. हसू नका! त्या नावाच्या गोंधळातूनच माझा जन्म झाला. आपण चुकून जन्माला आलो हे ज्याला कळतं, तो एकतर रडत बसतो, नाहीतर मजेत झुलतो. मी झुलायचं ठरवलं. ऐका माझी कहाणी. मध्येच कुर्र्र असा आवाज आला तर मनावर घेऊ नका. ती कुरकुर नाही, माझा गळाच तसा आहे.

माझा जन्म दारूखान्यात झाला. नाव ऐकून भलतं समजू नका, तिथे जुन्या लोखंडाचा, भंगाराचा बाजार आहे. माझे पाय पूर्वी कुठल्याशा बोटीचे कठडे होते म्हणे. म्हणजे डोलणं माझ्या रक्तातच! एका वेल्डरने ठिणग्या उडवत मला जोडलं, साखळ्या अडकवल्या, फळी बसवली आणि घाईघाईने रंग फासला. घाई कसली विचाराल, तर महिना मार्चचा होता. मार्च म्हणजे जसा तुमच्या परीक्षेचा महिना, तसाच सरकारी कार्यालयांचाही. तुमच्या घरी पगार हातात येण्याआधीच आई ठरवते ना, एवढे भाड्याला, एवढे शाळेला, एवढे किराण्याला? शहराचंही तसंच असतं. येत्या वर्षी किती पैसे येतील आणि ते कशाकशावर खर्च करायचे, हे आधीच ठरवून लिहितात. त्याला अंदाजपत्रक म्हणतात. रस्त्याचे पैसे रस्त्याला, बागेचे बागेला. आणि ते वर्ष मार्चअखेर संपतं. ठरवलेलं काम तोवर झालं नाही, तर पैसे परत जातात. मग कार्यालयात एकच पळापळ! त्या पळापळीत मी ओल्या रंगानिशी टेम्पोत चढलो आणि घोडपदेवला येऊन पोचलो.

वस्तीतल्या कल्याण केंद्राच्या अंगणात मला रोवलं. पोरांनी रंग वाळायचीही वाट पाहिली नाही. पिवळे हात, पिवळ्या चड्ड्या, नुसता दंगा. माझा ऊर भरून आला. जन्मून दोन दिवस झाले नाहीत तोवर एवढं कौतुक कोणाच्या वाट्याला येतं?

इतक्यात मालनबाई आल्या. भायखळ्याच्या एका कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. मूळ कोकणातल्या, सासरे गिरणीत होते. वस्तीत कुठलंही काम निघालं की पुढे याच. कंबरेवर हात ठेवून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगो बाय माझे, ह्यां काय आणून ठेवल्यानी? आम्ही पाळणाघर मागितलेला, झोपाळो नाय!"

माझा आनंद जागच्या जागी विरला. मी कोणालाच नको होतो तर!

गोंधळ कसा झाला ते मला पुढे रोजच ऐकायला मिळालं, कारण त्यावरची भांडणं माझ्याच फळीवर बसून व्हायची. त्याआधीच्या वर्षी, दिवाळीनंतर, महापालिकेच्या विभाग कार्यालयाची माणसं वस्तीत आली होती. पुढच्या अंदाजपत्रकात तुम्हाला काय हवं ते सांगा, असं त्यांनी विचारलं. लोक बोलत गेले आणि रमाकांतकाका केंद्रातल्या फळ्यावर लिहीत गेले. काकांची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. अक्षर असं टपोरं, की चष्मा घरी विसरलेल्या माणसानेही समोरच्या फुटपाथवरून वाचावं. फळा मात्र अरुंद. बायकांनी एका सुरात "पाळणाघर" म्हटलं, काकांनी ऐटीत "पाळणा" लिहिलं आणि ओळ संपली. मग "घर" त्यांनी खालच्या ओळीत लिहिलं. फळ्यावर असं दिसत होतं:

नळाची गळती
पाळणा
घर
गटाराचं झाकण

मोबाईलवर फळ्याचा फोटो निघाला आणि फोटोवरून टंकलेखन झालं. वाचणाऱ्याला त्या चार मागण्या वाटल्या. त्याचाही दोष काय? ही गिरणी कामगारांची वस्ती. इथली माणसं कित्येक वर्षं घर मागतच आली आहेत, मग फळ्यावर घर दिसलं तर नवल कसलं! "घरं देणं आपल्याकडे नाही," असं म्हणून 'घर' खोडलं गेलं. बागेतल्या झोपाळ्यालाही पाळणा म्हणतात, म्हणून 'पाळणा' बागेच्या खर्चात बसला आणि मंजूर झाला. गळती थांबली, झाकण बसलं, मी आलो. सगळं कसं वेळेवर आणि नियमाने झालं होतं. फक्त जे हवं होतं तेच तेवढं आलं नव्हतं.

काकांची तर पंचाईतच झाली. पोरं झोका घेता घेता ओरडायची, "काका, पाळणा आला, घर कुठाय?" काका पायातली चप्पल उगारायचे आणि स्वतःच हसत सुटायचे.

मालनबाई कार्यालयात जाऊन आल्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं, की या वर्षाचे पैसे संपले, आता पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी मागा. त्या परत आल्या त्या तणतणत, आणि उभं राहवेना म्हणून माझ्यावरच बसल्या. बसल्या तशा पाय जमिनीला टेकवून हळूच एक झोका घेतला. मग दुसरा. तिसऱ्या झोक्याला त्यांचा राग उतरलेला मी स्वतः पाहिला. "झोपाळो वायट नाय हां," त्या म्हणाल्या, "पण पोर सांभाळूक येवचा नाय त्याका."

त्यांना पाळणाघराची एवढी तळमळ का होती, ते मला एप्रिलमध्ये कळलं. त्यांची सून अनुजा तेव्हा सातव्या महिन्यात होती. परळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती काम करते. बायकांनी अनुजाचं डोहाळजेवण करायचं ठरवलं आणि झोपाळा कुठून भाड्याने आणायचा, यावर चर्चा सुरू झाली. मग सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, त्या दिवशी माझा काय थाट होता म्हणून सांगू! साखळ्यांना झेंडू आणि अबोली, फळीवर मऊ गादी, हिरव्या साडीत फुलांनी मढलेली अनुजा, आणि समोर पाच तऱ्हेची पक्वान्नं. झाकलेल्या वाट्यांतून तिने पेढा उचलला तेव्हा "मुलगा, मुलगा!" असा गलका झाला. झाली मात्र मुलगी.

तिचं बारसंही माझ्याच अंगणात झालं. मालनबाईंनी माझ्या आडव्या दांड्याला आपली जुनी मऊ साडी बांधली, झोळी केली आणि बाळाला आत निजवलं. म्हणजे एका दिवसापुरता मी खराखुरा पाळणा झालो. आत्याने बाळाच्या कानाशी वाकून "कुर्र्र" करायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वाऱ्याने मीच कुर्र्र केलं. बायका हसून हसून लोळल्या. "नाव झोपाळ्यानेच ठेवलं गं!" कोणीतरी म्हणालं. नाव स्पृहा ठेवलं होतं. तेव्हापासून ती पोर माझी झाली, असं मी मनाशी धरून चाललो.

पण अनुजाची रजा संपत आली. घरात सगळेच कामाला जाणारे. नवरा मयूर गोदीत पाळीने काम करतो, मालनबाईंना पहाटेच कॅन्टीन गाठावं लागतं. खासगी पाळणाघराची फी ऐकून अनुजाने फोनच ठेवून दिला. एका संध्याकाळी ती स्पृहाला कुशीत घेऊन माझ्यावर येऊन बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, लॅबच्या डॉक्टर मॅडम पुढच्या जूनपर्यंत थांबतायत. रजा बिनपगारी का होईना, पण थांबतायत. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी घेणार. मी सोडून देते नोकरी. उगाच कशाला ताण सगळ्यांना?"

"तू नोकरी सोडूची नाय," मालनबाई म्हणाल्या. "एवढी शिकलीस ती काय झोपाळ्यार बसूक?"

"मग स्पृहाला कोण बघणार?"

मालनबाईंनी स्पृहाला तिच्या कुशीतून उचलून घेतलं. मलाही फार वाईट वाटलं. माझ्याजागी खरोखरीचं पाळणाघर आलं असतं, तर ही मुलगी आज अशी हिरमुसून बसली नसती.

दिवाळी झाली. पुन्हा मागण्या विचारल्या गेल्या. या वेळी बायकांनी काकांच्या हातून खडू काढूनच घेतला. अनुजाने बारीक अक्षरात, एका ओळीत, एका दमात 'पाळणाघर' असं लिहून पाठवलं. जागाही सुचवली. केंद्राला लागूनच एक खोली होती, तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि जुने बॅनर सोडून काही नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता काम झालंच.

पंधरवड्याने, गेल्या वर्षीची नोंद पाहून लिहिलेलं उत्तर आलं. अनुजाने ते माझ्याशेजारी उभं राहून मोठ्याने वाचलं. "सदर ठिकाणी पाळण्याची मागणी पूर्ण करण्यात आली आहे. पुन्हा खर्च प्रस्तावित नाही."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मित्रांनो, मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण माझे पाय सिमेंटमध्ये होते. मी नुसता निरुपयोगी असतो तर एक वेळ चाललं असतं. मी तर आडवा येत होतो! मी इथे उभा होतो म्हणून पाळणाघर येत नव्हतं, आणि पाळणाघर नाही म्हणून अनुजाची नोकरी जाणार होती.

काका म्हणाले, "उपटून टाकू याला. म्हणजे बोलतील, पाळणा नाहीये म्हणून."

"सरकारी वस्तू उपटशात तर तुमीच आत जाशात, भावजी," मालनबाई म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "दिलेला काम नीट झाला की नाय, ता बघूक कोणतरी येतत ना?"

येतात, मित्रांनो. हे तुम्हीही लक्षात ठेवा. पैसे खर्च झाले म्हणजे काम संपलं असं नसतं. ज्यासाठी पैसे दिले ती वस्तू जागेवर आहे का, धड आहे का, लोकांच्या उपयोगाची आहे का, हे पुन्हा येऊन तपासायचं असतं. अनुजाने तशी पाहणी करा म्हणून लेखी विनंती केली, दोनदा आठवण केली, आणि जानेवारीतल्या एका सकाळी कार्यालयातून पाहणीसाठी इरावती मॅडम आल्या.

बाई कडक होत्या. त्यांनी माझा एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला, साखळी ओढली, फळी उलटी करून बघितली. मला फार बरं वाटलं. जन्मल्यापासून इतक्या आपुलकीने माझी चौकशी कोणीच केली नव्हती.

"पाळणा चांगल्या स्थितीत आहे," त्या म्हणाल्या. "वापरात आहे का?"

"आता बघा ना," मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी हाक मारली.

चाळीच्या जिन्यातून बायका उतरायला लागल्या. सगळ्या कामाच्या पेहरावात. खांद्याला पर्स, हातात डबा, आणि कडेवर आपापलं लेकरू. एकीने आपलं बाळ माझ्या फळीवर बसवलं. दुसरीने त्याच्या शेजारी आपलं ठेवलं. तिसरीने पायाशी चटई टाकून त्यावर जुळ्यांना सोडलं. अनुजाने पुढे होऊन स्पृहाला सरळ मॅडमच्या हातात दिलं.

"अहो, हे काय?" मॅडम गडबडल्या.

"पाळणो तुम्ही दिल्यात, पोरां आम्ही आणली," मालनबाई म्हणाल्या. "मागणी पूर्ण झाली म्हणून लिवल्यात ना? मग घ्या सांभाळून. आमी संध्याकाळी येतव."

आणि काय सांगू, त्या खरोखर वळून फाटकापर्यंत चालत गेल्या! एक बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं. जुळ्यांपैकी एकाने माझ्या पायाचा रंग चाटायला सुरुवात केली. मॅडम घाईघाईने माझ्यावर टेकल्या, एका हाताने फळीवरच्या बाळाला धरलं, दुसऱ्या हाताने स्पृहाला, आणि पायाने झोका द्यायला लागल्या. स्पृहाने त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र तोंडात घातलं. मी जमेल तेवढ्या गोड आवाजात कुर्र्र केलं.

"अहो, थांबा!" मॅडम ओरडल्या. "झोपाळ्यावर कशी सांभाळणार एवढी मुलं? याला तर पाळणा..." आणि त्या थबकल्या. "पाळणाघर लागेल."

"तेच तर!" सगळ्या बायका फाटकातून एकदम ओरडल्या.

मग काकांनी आत जाऊन तो अरुंद फळा आणला आणि पूर्वी जसं लिहिलं होतं तसंच लिहून दाखवलं. वर 'पाळणा', खाली 'घर'. मॅडमनी एकदा फळा पाहिला, एकदा मला पाहिलं, आणि त्या इतक्या हसल्या की स्पृहाही हसायला लागली.

"हे बघा, मंजूर करणारी मी एकटी नाही," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "पण मी आज जे पाहिलं ते अहवालात लिहीन. मागणी अपूर्ण आहे, असंच लिहीन. पुढचा पाठपुरावा तुम्ही सोडू नका."

सोडतायत कसल्या! पुढचा महिनाभर दर आठवड्याला कोणी ना कोणी कार्यालयात जाऊन बसत होती. फेब्रुवारीत अंदाजपत्रक जाहीर झालं तेव्हा सगळी वस्ती माझ्याभोवती गोळा झाली. अनुजा मोबाईलवर पानं सरकवत होती. नुसते आकडे आणि आकडे. मग ती थांबली, पडदा बोटांनी मोठा केला आणि तिने तो आधी काकांना दाखवला. काकांनी चष्मा पुसून वाचलं, "पाळणाघर." मग हळूच म्हणाले, "एका ओळीत आहे गं."

एप्रिलमध्ये काम सुरू झालं आणि माझी वेळ भरली. रुंद दार करायला माझीच जागा लागणार होती. मला सिमेंटमधून काढून भिंतीशी आडवं टाकलं. तिथे पडल्या पडल्या मी काम बघायचो. कोणतं काम, किती खर्चाचं, कधी संपणार, हे सांगणारा फलक बाहेर लावला होता. मालनबाई कॅन्टीनमधून येता येता तो वाचायच्या आणि आत जाऊन पडताळायच्या. "कडी एवढी खाली कित्याक? पोरगा आत जावन लावून घेतला तर?" कंत्राटदाराने कडी वर नेली. "हयसर फरशी गुळगुळीत नको." फरशी खडबडीत आली. तो माणूस त्यांना घाबरून मागच्या दाराने जायचा, पण काम त्याने चोख केलं हे मी कबूल करतो.

एक दिवस त्याने मला पायाने ढोसलं आणि विचारलं, "ये भंगार में देना है क्या?"

मी गोठलो. पुन्हा दारूखाना! तेव्हा पाहणीला आलेल्या इरावती मॅडमनी मान वर न करताच उत्तर दिलं. "नाही. पाळणाघराच्या सामानात एक पाळणा धरलाय. आणि आमच्याकडे लिहिलंय, की या जागी एक पाळणा आधीच आहे. असलेली वस्तू पुन्हा विकत घेता येत नाही. हाच वापरायचा." मग गालातल्या गालात हसून म्हणाल्या, "याचे बोल्ट मी स्वतः तपासलेत. फळी काढा आणि लहान मुलांची कठड्याची खुर्ची बसवा."

ऐकलंत ना? ज्या चुकीच्या नावापायी मला तोंड लपवावंसं वाटत होतं, त्याच नावाने मला वाचवलं आणि नव्या दाराशेजारी पुन्हा उभं केलं.

जूनमध्ये उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी दारावर पाटी रंगवायची होती. ते काम काकांशिवाय कोणाचं! "काका, अक्षर बारीक!" सगळे ओरडले. काकांनी मान डोलावली, ब्रश उचलला, आणि हयातभराची सवय ती जाते कुठे? पा... ळ... णा. पाटी संपली. काका बिचारे टर्पेंटाइनचा बोळा शोधायला लागले.

"ऱ्हवांदे, भावजी," मालनबाई पदराने डोळे पुसत, हसत म्हणाल्या. "खाली लिवा घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा कामाच्या कपड्यांत आली. तिने स्पृहाला माझ्या नव्या खुर्चीत बसवलं, पापा घेतला आणि वळली. रडली ती अनुजाच. स्पृहा मजेत झुलत होती. "जा गो," मालनबाई म्हणाल्या, "लॅबवाली वाट बघतत." अनुजा फाटकातून बाहेर पडली आणि परळच्या रस्त्याला लागली. मला इतका आनंद झाला, की मी दिवसभर कुरकुरत राहिलो.

त्यानंतर पुष्कळ बाळं माझ्यावर झुलली. स्पृहा आता शाळेत जाते. तिला आणि तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, की बाग, नळ, रस्ता, झोपाळा, यातलं काहीही फुकट येत नाही. ते तुमच्याच आईबाबांच्या पैशांतून येतं. म्हणून मागताना स्पष्ट मागा, आणि मिळालं तर एकदा हलवून बघा. माझ्यावर नावं कोरू नका. आणि अधूनमधून साखळीला तेल घाला, त्याने माझं आयुष्य वाढतं.

परवा स्पृहा धावत आली ती थेट दारासमोर थांबली. तिला नुकतंच वाचायला येऊ लागलं आहे. मान वर करून, बोट फिरवत तिने पाटी वाचली. "पाळणा." मग माझ्याकडे पाहिलं. मग खालची ओळ वाचली. "घर."

"आज्जी," ती ओरडली, "हे ह्या झोपाळ्याचं घर आहे?"

मालनबाई हसल्या. "होय गो," त्या म्हणाल्या, "पाळण्याक घर गावला."